तुम्ही विचारलंत म्हणून: ताटाजवळची मांजरं

"अगं, ते मांजर पार ताटापाशी आलंय आणि तू खुशाल जेवतेयस?"

फिनलंडमधल्या सासरचा फोटो पाठवला की हा प्रश्न येतो. इथे एस्पो शहरातल्या मराठी घरी गणपतीची आरती झाल्यावर, प्रसादाची वाटी हातात असताना येतो. साताऱ्याला आत्याकडे गेले की येतो. आणि त्याच्या शेपटाला दुसरा असतोच: "ते अळणी जेवण तुला जातं तरी कसं?" तेरा-चौदा वर्षं मी हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगते. नंतर पुन्हा विचारू नका असं म्हणणार नाही, कारण विचाराल हे मला माहीत आहे.

आधी अळणीचं. अळणी ते नाहीच. मीठ भरपूर असतं, फोडणी नसते. लोहिकेइत्तो म्हणजे सॅमनचं सूप, त्यावर मूठभर टिल्ली चिरून पडते. टिल्ली म्हणजे शेपूच, आपल्याकडे निम्मी घरं जिच्या वासाने नाक मुरडतात ती. पुल्ला हा गोड पाव वेलची जाडसर कुटून घातल्याशिवाय होत नाही. सासूबाईंच्या दारातून आत शिरताना पहिला वास येतो तो वेलचीचा. गाय व्यायली की चिकाचं दूध ओव्हनमध्ये भाजून उउनियुउस्तो करतात. तो पहिल्यांदा तोंडात घातला तेव्हा मी मोठ्याने "खरवस!" म्हणाले आणि टेबलावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळंच आवडतं असंही नाही. ईस्टरचा मॅम्मी हा काळाकुट्ट गोड पदार्थ मला अजून जात नाही. कार्यालान पाइस्ती म्हणजे भट्टीत शिजवलेला मांसाचा रस्सा, त्यात डुकराबरोबर गाईचंही मांस असतं, ते मी खात नाही. माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात मासा असतो, त्यावरून त्या घरात कुणी कधी एक शब्द बोललेलं नाही. बोललात ते तुम्हीच, दोन्ही बाजूंनी. झालं.

आता मांजरं.

माझ्या आईच्या घरी मांजराला स्वयंपाकघराचा उंबरा बंद होता. मागच्या दारी दूधभाकरी मिळायची, लाडही व्हायचे, पण ओट्यावर मांजर दिसलं तर ओटा धुतला जायचा, आणि भांड्यात तोंड गेलं असेल तर भांड्यातलं सगळं मोरीत. घरात कुणी मांजराचा राग करत नव्हतं. नियम होता, आणि तो मला श्वासासारखा अंगवळणी पडला होता.

नवऱ्याचं घर उत्तर साव्होत, हेलसिंकीपासून उत्तरेला चारेकशे किलोमीटरवर. नोव्हेंबरात तिथे दुपारी साडेतीनला अंधार पडतो. शनिवारी सगळे जमतात, सौना (वाफेच्या अंघोळीची खोली) तापवतात आणि पीराक्का करतात. पीराक्का म्हणजे रायच्या पिठाची कागदासारखी पातळ पारी (राय म्हणजे मोहरी नाही, गव्हाच्या जातीचं काळसर धान्य), त्यात दुधात शिजवलेला मऊ भात, कडा चिमटीने मुरडून ती तळव्याएवढी होडी कडकडीत तापलेल्या भट्टीत भाजायची. बाहेर काढली की लोणी-दुधात बुडवलेला ब्रश फिरवायचा आणि फडक्याखाली झाकून ठेवायची, म्हणजे कडा मऊ पडतात. वर उकडलेलं अंडं लोण्यात कुस्करून लावतात. मला मोदकाच्या पाकळ्या येतात, त्यामुळे हे सहज जमेल असा माझा समज होता. जमलं नाही. राय ज्वारीसारखी आहे, ताणायला गेलं की चिरते. हात हलका लागतो आणि मुरड ओढायची नसते, दाबायची असते.

आणि या सगळ्याच्या मध्ये मांजरं. तेव्हा दोन होती. मिर्री थोराड आणि शहाणी, भट्टीवरच्या उबेला पडून असायची. हिप्पू पाच महिन्यांचं पिल्लू. लाटताना कातरलेली पिठाची कड टेबलावरून लोंबायला लागली की हिप्पू खालून उडी मारायचं, ती कड दोन्ही पंजांत धरून उताणं पडायचं आणि मागच्या पायांनी तिला लाथा मारायचं. पुलिक्का, म्हणजे तिथलं बारीक निमुळतं लाटणं, घरंगळत जमिनीवर गेलं की त्याच्यामागे थेट दारापर्यंत. मिशांना पीठ, एका कानाला पीठ, आणि शिंक आली की स्वतःच दचकायचं. मी सुद्धा हसत होते. खाली होतं तोवर हसत होते.

२०१२ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवऱ्याच्या आजी, मुम्मो, तेव्हा एकोणऐंशीच्या. फिनिशमध्ये सगळ्यांना एकेरीच बोलतात, पण मनात मी त्यांना कधी 'तू' म्हणू शकले नाही. त्या चुलीजवळ खुर्ची ओढून दोन लिटर दुधातला भात ढवळत होत्या. आधी तांदूळ पाण्यात आटवायचा, मग दूध थोडंथोडं घालत जायचं, तळाला लागू द्यायचं नाही. तास गेला. मग पातेलं निवायला खिडकीशी ठेवून त्या आत जरा आडव्या झाल्या. सासूबाई सौनाला लाकडं घालायला गेल्या, पुरुष माणसं अंगणात.

मी मागे वळले तर हिप्पू खिडकीच्या फळीवर. पुढचे दोन पंजे पातेल्याच्या काठावर आणि मान आत.

त्याने तोंड लावलं होतं का? मला खरंच माहीत नाही. फिनिशमध्ये आडवळणाने बोलणाऱ्याला 'गरम पुउरोभोवती फिरणारं मांजर' म्हणतात, आणि तो पुउरो, म्हणजे तो भात, अजून वाफाळत होता. नुसता वास घेत असेल. साय मोडलेली दिसली नाही. पण मी नीट पाहिलंही नाही. मला पाहायचं नव्हतं, मला काय करायचं ते पाठ होतं. पिल्लू खाली ठेवलं, पातेलं उचललं, मागच्या दारातल्या कचऱ्याच्या बादलीत सगळं ओतलं, पातेलं गरम पाण्याने घासलं आणि उपडं घातलं. कुणाला विचारलं नाही. उलट वाटलं, वेळीच लक्ष गेलं, घरातल्या सगळ्यांवर उपकारच केले.

मुम्मो उठून आल्या. उपडं पातेलं पाहिलं.

"मिस्सा पुउरो?" भात कुठाय?

माझं फिनिश तेव्हा दोनशे शब्दांचं. उष्टं या अर्थाचा शब्द मी शोधत राहिले. मांजराने तोंड लावलेलं, म्हणून आपण खायचं नाही, हे एका शब्दात कसं सांगणार? तसा शब्द मला अजूनही त्या भाषेत सापडलेला नाही. तेव्हा जो येत होता तो मी वापरला.

"किस्सा. लिकाइनेन." मांजर. घाण.

"लिकाइनेन," त्या म्हणाल्या. प्रश्न म्हणून नाही, नुसतंच माझ्यामागून म्हणाल्या. मग ॲप्रन सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला, त्याची घडी केली नाही, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पिठाच्या पाऱ्या टेबलावर पसरलेल्या, कडेने वाळत चाललेल्या. सासूबाई आल्या, बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बटाटे उकडायला टाकले. बटाट्याच्या पीराक्का पण होतात. त्या संध्याकाळी तशाच झाल्या.

सौनात आम्ही दोघीच होतो. तापलेल्या दगडांवर पाणी टाकून, वाफ अंगावरून उतरेपर्यंत थांबून, सासूबाईंनी मला समजेल इतक्या सावकाश बोलायला सुरुवात केली. मुम्मोंचं माहेर लाडोगा सरोवराच्या काठचं, सोर्तावलाकडचं. फिनलंड आणि सोव्हिएत संघात लढाई होऊन मार्च १९४० मध्ये तह झाला आणि तो मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला. तिकडची चार लाखांवर माणसं घरदार सोडून इकडे आली. मुम्मो तेव्हा सहा वर्षांच्या. पुढच्याच वर्षी पुन्हा लढाई होऊन तो भाग परत हाती आला, तेव्हा ही मंडळी आपल्या घरी गेली, आणि १९४४ मध्ये तेच घर दुसऱ्यांदा सोडावं लागलं. एवढं मला नवऱ्याकडून माहीत होतं. पुढचं नव्हतं. पहिल्या खेपेला त्यांना साव्होतल्या एका शेतकऱ्याच्या घरी एक खोली मिळाली. मुम्मोंच्या आईने आभार म्हणून त्या घराच्या भट्टीत पीराक्का केल्या, ताटभर. तेव्हा पीराक्का मुख्यतः त्यांच्याच मुलखातल्या, त्या घरात कुणी करत नव्हतं. घरच्या बाईने ताट घेतलं, 'कीतोस', म्हणजे धन्यवाद, म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वर्षांच्या मुलीने डुकरांच्या द्रोणीत सगळ्या पीराक्का पाहिल्या. त्या घरातल्या कुणीतरी त्यावेळी उच्चारलेला शब्दही मुम्मोंच्या लक्षात राहिला होता. तोच शब्द मी बोलले होते.

सासूबाईंनी मला दोष दिला नाही. "तुला कुठून माहीत असणार," म्हणाल्या आणि अजून पाणी टाकलं.

मी नंतर कित्येक महिने मनात वाद घालत राहिले. मला कुठून माहीत असणार, हे खरंच होतं. माझा हेतू स्वच्छ होता. मांजर त्यांच्यासाठी घरातलं असेल, माझ्यासाठी ते उंबऱ्याबाहेरचं होतं, आणि पाहुण्यांना मांजराचं उष्टं वाढणं मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या वेळची मी हे सगळं आजही माझ्यासमोर उभी राहून बोलते, आणि तिचं प्रत्येक वाक्य मला पटतं. पण मग मी तिला विचारते, आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप कुठे असायचा गं? मोरीजवळच्या कोनाड्यात, दांडी तुटलेला, वेगळा. त्यालाही आम्ही स्वच्छतेचाच नियम म्हणायचो. मी हे आईवर ढकलतेय असा आरोप येईल, म्हणून सांगते, तो कप मीही शेकडो वेळा त्याच कोनाड्यात परत ठेवलाय. यावर ती काही बोलत नाही. मलाही पुढे काही सुचत नाही, कारण मांजर ते मांजर आणि माणूस ते माणूस, हे सुद्धा खरंच आहे.

तुम्हाला मी फोनवर सांगत आले की ती मांजरं घरातच राहतात, सगळी लस टोचलेली असते, काही होत नाही. ते खरं आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं. जंतूंची काळजी मला त्या दिवशीही नव्हती.

त्या रात्री मुम्मो जेवायला आल्या. पांढरे केस विंचरलेले, स्वेटर बदललेला. बटाट्याची एक पीराक्का घेतली, वर अंड्याचं लोणी लावलं. हिप्पू त्यांच्या मांडीवर चढलं. त्यांनी पीराक्काचा कोपरा मोडून बोटावर धरला, त्याने तो चाटून चाटून खाल्ला, बोटही चाटलं. मग त्याच बोटांनी त्यांनी उरलेली पीराक्का उचलली आणि सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला दाखवण्यासाठी होतं की रोजचंच होतं, हे मी २०१७ पर्यंत, त्या जाईपर्यंत, विचारू शकले नाही. तोवर माझं फिनिश चांगलं सुधारलं होतं, म्हणजे भाषेचं कारण नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्यांनीच मला लाटायला जवळ बसवलं. माझ्या बोटांवर बोटं ठेवून मुरड दाबायला शिकवलं. त्या दिवसाचा विषय ना त्यांनी काढला, ना मी.

माझ्या स्वतःच्या घरी आजही ओट्यावर मांजर चालत नाही. आम्ही पाळलेलंच नाही. मुलगी दर वाढदिवसाला मागते आणि मी टाळते. साव्होतल्या घरी मात्र मी जेवते, मांजर कुठेही असलं तरी. हे विसंगत आहे असं आत्या म्हणते. आहे.

परवाच्या शनिवारी तिथेच होतो. हिप्पू आता तेरा वर्षांचं, मिर्रीच्या जागी पडून असतं. पिल्लू नवीन आहे, करडं, आणि मुलीच्या वेणीचं रिबन हा त्याचा सर्वात मोठा शत्रू. ती लाटत होती, पिल्लू खुर्चीच्या पाठीवरून रिबनवर झडप घालत होतं, आणि प्रत्येक झडपेला पारी वाकडी होत होती. तेवढ्यात साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन टेबलावर टेकवला, आणि पिल्लू उडी मारून भाताच्या वाडग्याशेजारी येऊन बसलं.

"अगं बाई, मांजर! टेबलावर! उचल ते आधी!"

सासूबाईंनी हात पुसत विचारलं, आई काय म्हणतेय?

मी थांबले. मग म्हटलं, "म्हणतेय, मांजर टेबलावर आहे."

सासूबाईंनी पिल्लाकडे पाहिलं. "नीइन ओन," त्या म्हणाल्या. आहे खरं. आणि पीठ लागलेला हात स्क्रीनसमोर हलवून आईला "मोइ" केलं.