लॅपटॉपवरून एअर सस्पेन्शनची उंची बसवताना

पहिल्या पिढीच्या ऑडी क्यू७चा उंचीचा एखादा सेन्सर बदलला, की गाडी त्या कोपऱ्यावर दबलेली किंवा उचललेली दिसू शकते. अशा वेळी नागपुरात बहुतेकांच्या मनात पहिला विचार बेलो, म्हणजे गाडीचे वजन पेलणारी हवेची रबरी पिशवी, बदलण्याच्या खर्चाचा येतो. बेलो शाबूत असेल, तर सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटला कोपऱ्यांची खरी उंची पुन्हा सांगणे एवढेच काम उरते आणि ते गाडीच्या संगणकांशी बोलणाऱ्या व्हीसीडीएस या लॅपटॉपवरील सॉफ्टवेअरने घरीही करता येते. माझ्या गाडीचे हे काम मी मनीषनगरात, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये केले.

सेन्सर प्रत्यक्षात उंची मोजत नाही. सस्पेन्शनला जोडलेल्या लहानशा दांडीचा कोन तो मोजतो. त्या कोनावर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत किती मिलिमीटर अंतर आहे, हे आपण मोजून सांगावे लागते, आणि म्हणूनच या कामात लॅपटॉपपेक्षा टेपला अधिक महत्त्व आहे, असे माझे ठाम मत आहे. पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. त्यामुळे आधी लेव्हल लावून सपाट जागा शोधावी, टायरमधली हवा योग्य दाबाची करावी, डिकी रिकामी ठेवावी, दारे बंद करावीत आणि बॅटरीला चार्जर जोडावा.

त्यानंतर व्हीसीडीएसमध्ये ३४ क्रमांकाचे, म्हणजे सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटचे, मॉड्यूल उघडून ३१५६४ या कोडने लॉगिन करायचे. अ‍ॅडाप्टेशनच्या, म्हणजे युनिटमध्ये नवी मापे भरण्याच्या विभागातल्या, १ ते ४ या चॅनेलमध्ये अनुक्रमे पुढचे डावे, पुढचे उजवे, मागचे डावे आणि मागचे उजवे माप भरायचे आणि ५व्या चॅनेलमध्ये १ देऊन ते पक्के करायचे. येथे भरायची ती या क्षणी मोजलेली उंची, आपल्याला हवी असलेली नव्हे. मोजलेल्यापेक्षा मोठा आकडा भरला, तर गाडी जास्त उंच आहे असे समजून यंत्रणा तिला खाली आणते. लहान आकडा भरला, तर वर उचलते. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून काही जण मुद्दाम मोठा आकडा भरतात. आपल्या वस्त्यांमधले गतिरोधक पाहता मला हे मुळीच पटत नाही, कारण गाडी जितकी खाली बसते, तितकी चाकाला वर उचलले जाण्यासाठीची जागा कमी होते.

नागपूरच्या उन्हाळ्याचाही येथे संबंध आहे. मे महिन्यात दुपारी ४४ अंशांवर उभी केलेली गाडी पहाटे २९ अंशांवर येते, तेव्हा बेलोमधल्या हवेचे आकारमान जवळजवळ ५ टक्क्यांनी घटते आणि गाडी किंचित खाली बसते. ही गळती नव्हे. मात्र एकच कोपरा रोज सकाळी जमिनीकडे झुकलेला दिसत असेल, तर साबणाचे पाणी लावून बेलो, नळ्यांचे सांधे आणि प्रत्येक कोपऱ्याकडे हवा सोडणारा वॉल्व ब्लॉक तपासावेत. गळती असताना आकडे बदलून गाडी सरळ उभी केली, तर हवा भरणारा कॉम्प्रेसर वारंवार चालत राहतो आणि या उष्णतेत तो लवकर निकामी होतो.

गाडी जॅकवर घेण्यापूर्वी जॅक मोड, म्हणजे यंत्रणेला आपोआप उंची बदलण्यापासून थांबवणारी सोय, सुरू करणे आवश्यक आहे, आणि केवळ हवेच्या आधाराने उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, कारण ती क्षणात खाली बसू शकते.

आकडे पक्के झाल्यावर गाडी थोडी फिरवून आणावी आणि पुन्हा त्याच सपाट जागेवर टेप लावावा. उंचीत फरक पडला असेल, तर चाकांचे कोनही बदललेले असतात, तेव्हा व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. झेनॉन हेडलाइटचा झोत याच सेन्सरांच्या आधारे वरखाली होतो, म्हणून त्याचे बेसिक सेटिंग, म्हणजे झोताची मूळ पातळी ठरवण्याचे कामही, त्याच बैठकीत उरकावे; अन्यथा वर्धा मार्गावर रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर थेट प्रकाश पडतो.