३२ पिक्सेलांच्या रेघा

एंडोस्कोपीच्या रेकॉर्डरवर काम चालू होतं. कॅमेऱ्याचं चित्र १९२० बाय १०८०, सेकंदाला ६० फ्रेम. पिक्सेलला २ बाइट धरले तर सेकंदाला जवळपास २५० एमबी. हे ओझं सीपीयूवर टाकायचं नसतं. कॅप्चर हार्डवेअर डीएमएने, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता, चित्र थेट रॅममध्ये उतरवतं; व्हीफोरएलटू (लिनक्सची व्हिडिओ यंत्रणा) ड्रायव्हर बफर, म्हणजे फ्रेम ठेवायच्या रॅममधल्या जागा, फिरवत राहतो. ड्रायव्हर चिपवाल्यांनीच दिलेला, मुख्य कर्नलमध्ये नसलेला.

डेमोच्या आदल्या दिवशी टेस्टिंगमधली सहकारी म्हणाली, "बघ ना, झूममध्ये रेघा येतायत." खरंच. चित्राचा एक तुकडा मोठा करून दाखवणाऱ्या झूममध्ये कॅमेरा हलवला की बारीक, आडव्या, तुटक रेघा. स्थिर ठेवला की गायब. संशय आधी केबलवर, मग पॉवर सप्लायवर. अशा वेळी सॉफ्टवेअरवाल्यांना हार्डवेअरच दोषी वाटतं! दोन्ही बदलून झालं, रेघा तशाच.

पण रेकॉर्डिंग मात्र स्वच्छ होतं. बफर तोच, रेकॉर्डिंगसाठी व्हिडिओ आकुंचित करणाऱ्या एन्कोडरने वाचला तर चित्र चोख, झूमने वाचला तर रेघाळलेलं. म्हणजे रॅममध्ये काही बिघडलेलं नव्हतं. एन्कोडर हार्डवेअर आहे, तो रॅममधून वाचतो. झूमचा छोटा तुकडा मात्र सीपीयू कॉपी करतो, आणि त्याच्या वाटेत कॅश असते: रॅममधल्या मजकुराच्या प्रती ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी.

एक फ्रेम सेव्ह करून रेघा मोजल्या. लांबी ३२ पिक्सेल, नाहीतर त्याच्या पटीत. टोकं ओळंबा लावल्यासारखी एकाखाली एक. ३२ दुणे ६४ बाइट, आणि आमच्या कॉर्टेक्स-ए५३ सीपीयूची कॅश लाइन, म्हणजे कॅश एका वेळी आणते तो तुकडा, ६४ बाइटचीच! रेघांमध्ये दिसत होतं ते त्याच बफरमधलं आधीचं चित्र. रॅममध्ये नवी फ्रेम आली तरी सीपीयू कॅशमधली शिळी प्रत वाचत होता. स्थिर दृश्यात शिळं-ताजं सारखंच, म्हणून तेव्हा काही दिसायचं नाही.

तसं असेल तर सीपीयूला दुसरं जड काम दिल्यावर जुन्या लाइन कॅशबाहेर ढकलल्या जाऊन रेघा कमी व्हायला हव्यात. मागे एक मोठं कंपाइल लावलं. झाल्याच कमी! लोड वाढल्यावर सुधारणारा बग मला फार आवडतो, लगेच ओळख देतो.

ड्रायव्हर उघडला. फ्रेम पूर्ण झाल्याच्या इंटरप्टपासून (हार्डवेअरच्या इशाऱ्यापासून) बफर ॲप्लिकेशनच्या हाती जाईपर्यंत डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू, म्हणजे कॅशमधली शिळी प्रत टाकून द्यायला लावणारा कॉल, कुठेच नाही. तो कोड आधीच्या एका चिपसाठी लिहिलेला, जिथे कॅश आणि डीएमएचा मेळ हार्डवेअरच राखायचं.

एकाने सुचवलं, मेमरी कॅशविनाच मॅप करू. पण मग सीपीयूचं वाचन इतकं रेंगाळतं की झूम अडखळलाच असता. दुसरा म्हणाला, बफर हार्डवेअरकडे परत देतानाच कॅश साफ करू. तेही पुरत नाही: सीपीयू अंदाजाने आगाऊ वाचतो, आणि डीएमए चालू असतानाच जुनी लाइन पुन्हा कॅशमध्ये येऊ शकते. सिंक डीएमए संपल्यावरच हवं. ते घातलं, तेही फक्त झूमला लागणाऱ्या ओळींपुरतं. पूर्ण ४ एमबीची फ्रेम सेकंदाला ६० वेळा साफ करत बसणं परवडत नव्हतं.