८० चौरस सेंटिमीटर

२३ जुलै २०२१चा शुक्रवार गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली माणसं अजून विसरलेली नाहीत. म्हादई नदीचं पाणी घरांत शिरलं, मातीच्या भिंती बसल्या, कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, वाहून गेली. १९८२नंतरचा सगळ्यात मोठा पूर, असं मुख्यमंत्र्यांनीही तेव्हा सांगितलं होतं. मी फोंड्याला एका बँकेच्या शाखेत होते. आमच्या शाखेत करन्सी चेस्ट, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटांचा साठा सांभाळणारी तिजोरी. फाटक्या-कुजक्या नोटांवर निर्णय द्यायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. पावसाळ्यात हे काम तसंही वाढतं. कुणाच्या नोटांना वाळवी लागते, कुणाच्या उंदीर कुरतडतात, कुणाच्या पँटच्या खिशातून कपड्यांबरोबर धुऊन निघतात. पण त्यानंतरच्या गुरुवारी जो डबा माझ्या टेबलावर आला, तसा आधी कधी आला नव्हता.

वयाची सत्तर वर्षं ओलांडलेली एक आजी आणि तिचा अकरावी-बारावीतला नातू. दोघांच्या तोंडाला मास्क, नातवाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. सकाळच्या कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसने सत्तरीतल्या वाळपईहून आले होते. आजीने डबा काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "बाय, हे पयशे चलतले मगे?"

झाकण निघेना. नातवाने चमच्याच्या दांड्याने उचकटलं. आत तांबड्या गाळाने माखलेला, विटेएवढा नोटांचा गठ्ठा. तळाच्या नोटा पत्र्याच्या गंजाला चिकटलेल्या. मार्चपासून विकलेल्या काजूच्या बियांचे, भाजीचे, थोडे लेकीने दिलेले असे ते पैसे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आणि छपराच्या कौलांना म्हणून बाजूला ठेवलेले. घरात पाणी आलं तेव्हा डबा फळीवर होता, भिंतीबरोबर फळीही खाली आली. तिसऱ्या दिवशी चिखल उपसताना डबा हाताला लागला.

त्याआधी ती दोघं घराजवळच्या एका बँकेत जाऊन आली होती. तिथे त्यांना सांगितलं गेलं, हे इथे होत नाही, मुंबईला रिझर्व्ह बँकेत जा. हे ऐकून मला फार राग आला, आजही येतो. मळक्या आणि फाटक्या नोटा बदलून द्यायची सोय शाखांनी कुणालाही द्यायची असते, तिथे खातं असायलाच हवं असं नाही. दिवसाला २० नोटा आणि ५००० रुपयांपर्यंतच्या मळक्या नोटा तर काउंटरवरच, काही शुल्क न घेता बदलून द्यायच्या असतात. त्याहून जास्त असतील तर पावती द्यायची आणि रक्कम नंतर खात्यात भरायची. फाटक्या नोटांची रक्कम मोठी असेल तर माणसाला जवळच्या करन्सी चेस्टच्या शाखेचा पत्ता सांगायचा. मुंबईची वाट दाखवायची वेळ क्वचितच येते.

पण ती येतच नाही असंही नाही, आणि माझी धाकधूक तिथेच होती. जळून कोळसा झालेल्या, हात लावताच भुगा होणाऱ्या किंवा एकमेकींना सुटणारच नाहीत अशा चिकटलेल्या नोटा शाखेने घ्यायच्या नसतात. त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात, म्हणजे नोटांचं काम पाहणाऱ्या कार्यालयात, न्याव्या लागतात, तिथे त्यांच्यासाठी वेगळी पद्धत आहे. आणि इश्यू ऑफिस गोव्यात नाही. म्हणजे समोरची वीट सुटली तर आजीचं काम फोंड्यात होणार, नाही सुटली तर मुंबईत.

मॅनेजरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "कॅमेऱ्यासमोर करा, त्यांच्या डोळ्यांदेखत करा." आम्ही खिडकीजवळ टेबल ओढलं, वर पंखा लावला, टीपकागद आणि जुनी वर्तमानपत्रं पसरली. आजीला समोर खुर्ची दिली. माझा एक सहकारी नोंद करायला बसला.

नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाच्या धाग्यांचा असतो. म्हणून ती पाण्यात विरघळत नाही, घाईत खेचली तरच फाटते. बोथट प्लास्टिकची फूटपट्टी दोन नोटांच्या मध्ये अगदी आडवी सरकवायची, कोपऱ्यातून नाही तर लांब बाजूने, आणि नोट वर न ओढता पट्टीवर गुंडाळत न्यायची. सुटली की टीपकागदात दाबायची. पहिल्या दहा नोटांना अर्धा तास गेला. मग हात बसला. चुलीवर किंवा इस्त्रीखाली वाळवल्या नव्हत्या म्हणून एवढं तरी जमलं. उष्णतेने नोट आकसते, आतला सुरक्षा धागा सुरकुततो, आणि चांगली नोट उगाच संशयाची होते.

आजी एकेका नोटेबरोबर सांगत होती. हे बियांचे. हे दुसऱ्या खेपेचे. हे लेकीचे. डब्यात पैसे ज्या क्रमाने पडले, त्याच्या उलट क्रमाने ते आमच्या टेबलावर येत होते. अडीच तासांनी तळ लागला. अगदी खाली, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या, दोन नोटा निघाल्या. एक ५००ची जुनी, नोव्हेंबर २०१६मध्ये रद्द झालेली. दुसरी पाहून माझा सहकारी उठून उभा राहिला. पोर्तुगीज काळातल्या बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेची ६० एस्कुदोंची नोट, १९५९ची, वर गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो दे आल्बुकेर्कचं चित्र. सासऱ्यांनी ठेवलेली. आताच्या मुलांना ६०ची नोट विचित्र वाटेल, पण ६ एस्कुदोंचा एक रुपया होत असे, म्हणजे ती दहा रुपयांची नोट. दोन्हींचे आम्ही काही देऊ शकत नव्हतो. एकीचं मोल सरकारने काढून घेतलेलं, दुसरी रिझर्व्ह बँकेची नव्हेच. दोन्ही पुसून आजीला परत दिल्या.

बाकीच्या नोटा अशा भरल्या: २०००च्या ३ (त्या तेव्हा चालत होत्या), ५००च्या ३८, १००च्या ४१, २०च्या ११ आणि १०च्या २३. एकूण २९,५५०. आजीने तोंडी सांगितलेला आकडा साडेएकोणतीस हजार होता.

यातल्या बहुतेक नोटा डागाळलेल्या पण अख्ख्या होत्या, त्यांचा प्रश्न नव्हता. नोट मळली, रंगली, अगदी तिचे दोन तुकडे होऊन जोडले गेले, तरी दोन्ही तुकडे एकाच नोटेचे असतील आणि मिळून नोट पूर्ण होत असेल, तर ती मळकीच धरतात आणि पूर्ण पैसे मिळतात. काम होतं ते गंजाने खाल्लेल्या नोटांचं.

इथे रिझर्व्ह बँकेचे २००९चे परतावा नियम लागतात, नव्या आकाराच्या नोटांसाठी ते २०१८मध्ये सुधारले. सगळा निर्णय क्षेत्रफळावर होतो. २० रुपयांपर्यंतच्या नोटेचा सगळ्यात मोठा सलग तुकडा निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर काही नाही. ५० आणि त्यापुढच्या नोटेला मात्र मधली पायरी आहे. सलग तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर अर्धे, त्याखाली शून्य. नवी ५००ची नोट १५० बाय ६६ मिलिमीटरची, म्हणजे ९९ चौरस सेंटिमीटर. पूर्ण पैशांसाठी ८० भरावे लागतात, अर्ध्यासाठी ४०. १००ला जुन्या मोठ्या नोटेचं कोष्टक वेगळं, नव्या जांभळ्या नोटेचं वेगळं. पारदर्शक कागदावर चौकटी आखलेल्या असतात, तो नोटेवर ठेवायचा आणि घरं मोजायची. एका ५००च्या मागच्या भाषांच्या पट्टीत कोकणीची ओळ शाबूत होती आणि दोन ओळी खालची मराठीची गंजाने नेली होती. ती ८४ भरली.

मग चार नोटा अशा आल्या की माझा सहकारी माझ्याकडे बघायला लागला. चारही ५००च्या, त्यातल्या तिघींची एक बाजू सरळ रेषेत कापलेली. त्याने हळूच विचारलं, "मुद्दाम कापलेल्या?"

हा प्रश्न त्याने विचारायलाच हवा होता. नोटांचे भाग कापून एकाच्या दोन करणारे लोक असतात. खोटा दावा करता यावा म्हणून मुद्दाम कापलेल्या, फाडलेल्या नोटेचे पैसे द्यायचे नाहीत असा नियम आहे, मग कापणारा समोरचाच असो वा दुसरा कुणी. ओळखायची खूण अशी की गेलेले भाग एकाच जागचे, एकाच आकाराचे असतात आणि नोटा बऱ्याच असतात. इथे तीन होत्या, पण कात्रीची रेघ लख्ख दिसत होती.

मी विचारलं, "या कुणी कापल्या?"

नातवाचा चेहरा उतरला. वर सुटून आलेल्या तीन नोटा त्याने घरीच वेगळ्या केल्या होत्या. कडा कुजलेल्या, झालरीसारख्या लोंबत होत्या. अशा घाणेरड्या नोटा बँक घेणार नाही असं वाटून त्याने त्या कात्रीने नीट केल्या. नीटनेटक्या केल्या म्हणजे बँकवाले खूश होतील, असं बिचाऱ्याला वाटलं.

तेव्हा आजीने कनवटीची रुमालाची गाठ सोडली. आत बोटाएवढे, नखाएवढे कपटे. नातवाने कापून टाकलेले. "पैसो कसो उडोवपाचो?" पैसा कसा फेकून द्यायचा, एवढंच ती म्हणाली.

मी एकेक कपटा चिमट्याने उचलून नोटेला लावून पाहिला. रेघेला रेघ जुळली. गंजाचा डाग नोटेवरून कपट्यावर सलग जात होता. गेलेले भाग तिन्ही नोटांवर वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या आकाराचे होते. फसवायचा हेतू नाही याचा याहून चांगला पुरावा मला नको होता. तसं टिपण लिहिलं आणि सही केली.

पण मापाच्या बाबतीत माझे हात बांधलेले होते. सलग तुकडा म्हणजे सलग, कापलेला कपटा त्यात धरता येत नाही. पहिली नोट ७६ भरली. तिचा कपटा ५ चौरस सेंटिमीटरचा होता. कुजकी का असेना, ती झालर नोटेला लागून राहिली असती तर ८१ झाले असते आणि ५०० मिळाले असते. आता २५०. बाकीच्या दोघी ७४ आणि ७१. मी त्या चौकटी तीनदा मोजल्या. मला ७६चे ८० करायचे होते आणि ते होत नव्हते. चौथी, जी कुणी कापली नव्हती, तीही गंजामुळे अर्ध्यातच गेली.

हे नातवाला सांगावं की नाही, यावर मी क्षणभर थांबले. मग सांगितलंच. आरडाओरड न करता, चौकटींचा कागद त्याच्या हातात देऊन. त्याने स्वतः मोजलं आणि मान खाली घालून बसला. आजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुजलेली नोट साफ करायची नाही, कापायची नाही, चिकटपट्टी लावायची नाही, आहे तशी आणायची, हे मी त्याला दोनदा बजावलं. हेच मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, पण त्या दिवशी ते सांगणं मला जड गेलं.

शेवटचा हिशेब असा झाला. ५००मध्ये चार नोटांचे अर्धे आणि एक नाकारलेली, १००मध्ये तीन अर्ध्या, १०च्या दोन नाकारलेल्या. गेले १,६७० रुपये, राहिले २७,८८०. नाकारलेली नोट परत मिळत नाही, ती बँकेकडेच राहते आणि नष्ट होते, हे आजीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, राहू दे. रक्कम तिच्या खात्यात जाईल अशी पावती केली आणि ती वाचून दाखवली. कपटे आम्ही नोटांबरोबर पाकिटात घातले. डबा मात्र तिने मागून घेतला. शिपायाने तो नळाखाली धुऊन दिला. साडेतीनची बस होती.

पुढच्या आठवड्यात त्याच गावचे दोघे आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मडकं, तोंडाला फडकं बांधलेलं. आजीच्या नातवाने पाठवलं होतं. नोटा मडक्यातच होत्या, पाणी तेवढं ओतून टाकलेलं. आम्ही टेबल पुन्हा खिडकीजवळ ओढलं.