अपयश घेऊन सायबाकडे चालताना

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत पोचायला आम्हांला तीन दिवस लागतात. संत फ्रान्सिस झेवियर म्हणजे आमचे सायब. त्यांची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, 24 नोव्हेंबरला सुरू होते, फेस्त म्हणजे सण 3 डिसेंबरला. आम्ही नोव्हेनाच्या शेवटी शेवटी निघतो. पहाटे चारला रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत पावलं उचलायची, ऊन चढलं की सावली धरायची. पहिला मुक्काम बांद्याच्या पुढे, दुसरा म्हापशाला. या वाटेवर नापास झालेली मुलं येतात, धंद्यात बुडालेले येतात, मोडलेला संसार घेऊनही कुणी येतं.

मुक्कामाला आधी पाय. धुवायचे, नीट कोरडे करायचे, फोडांवर पट्टी लावायची. लहान फोड फोडू नका. कातडी निघाली की दुसऱ्या दिवशी टाच टेकत नाही. मग पंधरा मिनिटं येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी घालून दिलेलं दिवसाचं परीक्षण. आभार मानायचे, पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, घडलेलं क्रमानं आठवायचं, क्षमा मागायची, उद्याचं एक पाऊल ठरवायचं. बहुतेक जण आठवण्यापाशी अडकतात आणि तोच प्रसंग उगाळत बसतात, कारण आभार घाईत उरकलेले असतात. म्हणून आभारांना पाच मिनिटं द्या आणि प्रसंग एकदाच आठवा.

क्षमा मागण्याआधी निवडणं आलं. खोटं बोललो, फसवलं, ते पाप: पापनिवेदनात फादरांना सांगायचं आणि ज्याचं नुकसान झालं त्याला भरून द्यायचं. अंदाज चुकला, तयारी कमी पडली, ती चूक: ती दुरुस्त करायची. आजारपण, अवकाळी पाऊस आपल्या हातात नव्हताच: तो भार क्रुसापाशी ठेवायचा. सगळंच पाप समजून कबूल करणारा माणूस मोकळा होत नाही, हे आम्ही फार वेळा पाहिलंय.

सायबाचंच बघा. 1551 च्या सुरुवातीला साध्या, जीर्ण कपड्यांत, कडाक्याच्या थंडीत ते जपानच्या मियाकोला, आजच्या क्योटोला पोचले. सम्राटाची भेट झाली नाही. शिवाय त्याच्या हाती सत्ताच उरली नव्हती. मग ते यामागुचीला गेले, उंची वस्त्रं घातली, गोव्याहून नेलेली पत्रं आणि घड्याळासारख्या भेटी तिथल्या सरदारापुढे ठेवल्या. उपदेशाची परवानगी मिळाली. देवासाठी वापरलेला ‘दाइनिची’ हा शब्द एका बुद्धाचं नाव निघाला, तेव्हा तोही त्यांनी उघडपणे मागे घेतला. चीनला जाणं मात्र जमलं नाही. तिथल्या कँटन शहरात चोरून नेणारा व्यापारी आलाच नाही आणि 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर त्यांनी देह ठेवला. आपलं फेस्त त्याच तारखेला असतं.

तिसऱ्या दिवशी रायबंदरचा बांध लागला की ज्यानं त्यानं आपलं उद्याचं पाऊल शेजाऱ्याला मोठ्यानं सांगायचं. ‘यापुढे नीट वागेन’ हे आम्ही धरत नाही. ‘सोमवारी दहाला पतपेढीत जाऊन हप्ता कमी करून मागेन’ हे धरतो. शेजारी ते कागदावर लिहून देतो, आणि तो कागद घरी जाईपर्यंत वरच्या खिशात राहतो.