झाडीखालची जमीन: दरीचा नकाशा तपासायला दोन दिवस

नकाशा घरीच तयार केला होता, अवकाशातून मोजलेल्या उंचीच्या आकड्यांवरून. जंगलात फिरून तो तपासायचा, चुका जागच्या जागी खोडायच्या, एवढंच काम. पहिल्याच दुपारी समोच्च रेषांवर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) भिस्त ठेवून उतरत होतो आणि थेट एका कड्याच्या डोक्यावर येऊन थांबलो.

रेषा दर २० मीटर उंचीला होत्या आणि कडा बारा-तेरा मीटरचा. दोन रेषांच्या मध्ये तो अख्खा मावला. कागदावर नुसता उतार. माघारी चढून सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवरून, खाली यायला दीड तास गेला. मागून येणाऱ्यांनी नकाशा कितीही सौम्य दिसला तरी अनोळखी घळीत उतरू नये. सोंड धरावी.

नकाशात एक छोटी टेकडीही होती. तिथे पोचलो तर जमीन सपाट, आणि वर जुन्या, उंच झाडांचा दाट झुपका! आमचे आकडे फेब्रुवारी २००० मधल्या एसआरटीएम मोजणीचे, म्हणजे अवकाशयानातून रडारने केलेल्या उंचीच्या मोजणीचे. त्यातल्या रडारच्या लहरी दाट झाडीत जमिनीपर्यंत नीट पोचत नाहीत, बऱ्याचशा वरच्या फांद्यापानांतूनच परततात. म्हणून झाडी संपते तिथे नकाशात खोटी पायरी दिसते. अशी पायरी दिसली की आधी उपग्रह छायाचित्रात रानाची कड कुठे आहे ते पाहा.

घळीत जीपीएसचा ठिपका एका जागी ठरेना. तिथे खरी मदत झाली नदीची. डाव्या हाताला मिळणारे ओढे मोजत गेलो, प्रत्येक वळणाची दिशा होकायंत्रावर घेतली. ओढा ओलांडताना समोच्च रेषांचं टोक त्याच्या वरच्या अंगाला वळतं, हे लक्षात असलं की सोंड आणि घळ यांची गल्लत होत नाही.

मुक्काम संगमावर केला. सकाळी उंचीमापक त्याच दगडावर २४ मीटर जास्त दाखवत होता, कारण रात्रीत हवेचा दाब उतरला होता. दाब एक मिलिबारने घटला की असा मापक साधारण ८ मीटर चढतो. त्यामुळे उंची माहीत असलेल्या प्रत्येक जागी तो नव्याने लावून घ्या.

चालायच्या वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथचा १८९२ चा हिशोब धरला होता: ५ किलोमीटरला एक तास, ६०० मीटर चढाला आणखी एक. झुडपांत आम्हाला दुप्पट लागला. नोंदी पेन्सिलनेच करा, दवाने शाई पसरते.

वरची डावी घळ राहिली आहे. ती पानगळ झाल्यावर गाठा; तेव्हा समोरच्या धारेवरूनच तिचे कडे मोजता येतील.