झपाटलेल्या बारची सफर: पैसे घालवू नका, घाटावर स्वतः जा

आधी पैशाचं सांगतो, कारण अजून डोक्यातून जात नाही. सर्वपित्री अमावस्येच्या रात्री मी आणि माझा मेहुणा कोल्हापुरात ‘झपाटलेल्या बारची सफर’ करून आलो. माणशी १,५०० रुपये. तीन जुन्या परमिट रूम, शेवटी पंचगंगा घाट, पेग आणि चकणा त्यातच, असं फोनवर सांगितलं होतं. घरी येईपर्यंत दोघांचे मिळून ५,०३५ रुपये गेले.

कारण पेग फक्त पहिल्या ठिकाणी. दुसऱ्या ठिकाणी ‘बसायचं तर ऑर्डर द्यावीच लागंल’. दारू ५६०, चिकन ३२०, पाण्याची बाटली ६०. दारूवर १० टक्के व्हॅट, खाण्यावर जीएसटी, इथपर्यंत मला मान्य. पण खाली आणखी ९४ रुपये सेवा शुल्क लावलं होतं. हे सक्तीनं लावता येत नाही, ग्राहकाच्या मर्जीवर आहे. २०२२ पासून तसे स्पष्ट निर्देश आहेत. मी काउंटरवर जाऊन काढायला लावलं. तुम्हीही लावा. ऐकलं नाही तर तिथंच उभं राहून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. आणि वय २५ च्या आत असेल तर हार्ड ड्रिंक मागवूच नका, बिअरला २१ लागतं.

बरं, एवढे पैसे देऊन ऐकायला काय मिळालं? पहिल्या परमिट रूममध्ये पांढऱ्या साडीतली बाई, रात्री बाराला येऊन एकच पेग मागते. दुसरीत तीच बाई, फक्त साडीचं हिरवं लुगडं झालेलं. तिसरीत आत बसायला जागा नव्हती म्हणून गोष्ट दारातच उरकली, बिल मात्र ८७० रुपये. मी दुसऱ्या परमिट रूमच्या म्हाताऱ्या वेटरला बाजूला घेऊन विचारलं. बावीस वर्षं त्याच जागी काम करणारा माणूस. म्हणाला, “साहेब, आमच्यात कुणी काय बघितलेलं न्हाई. ही माणसं यायला लागल्यापासनंच भूत आलंय.”

आणि एका गोष्टीचा मला खरा संताप आला. शिवाजी पुलाजवळ थांबवून सफरीवर नेणाऱ्या पोरानं २६ जानेवारी २०१८ च्या अपघाताची भुताची गोष्ट केली. मिनीबस कठडा तोडून नदीत पडली, १३ माणसं गेली. रात्री ‘आवाज येतात’ म्हणे. त्या माणसांचे नातेवाईक आजही हयात आहेत. मी तिथंच सांगितलं की हे ऐकायला आम्ही पैसे दिलेले नाहीत. तुमच्यासमोर कुणी ही गोष्ट काढली तर गप्प बसू नका.

आता घाट. सगळ्या रात्रीत तेवढाच भाग खरा, आणि तोच सगळ्यात धोक्याचा. पाऊस नुकताच संपलेला, खालच्या पायऱ्यांवर पुराचा गाळ आणि त्यावर शेवाळ. दिव्यांचा उजेड वरच्या टप्प्यापुरताच. आम्हाला खाली नेताना त्या पोराकडं मोबाईलच्या उजेडापलीकडं काही नव्हतं. मेहुण्याचा पाय सटकला, “दाजी, बॅटरी इकडं धरा!” एवढं ओरडला आणि तीन पायऱ्या घसरत गेला. मी दंडाला धरला म्हणून थांबला. खाली पाणी काळं आणि पायरी कुठं संपते ते दिसत नव्हतं. दारू पिऊन या पायऱ्या उतरायच्याच नाहीत. सफरीचा क्रमच उलटा लावलाय, हे माझं स्पष्ट मत.

वर येऊन बसलो तर शेजारी एक आजोबा होते. दिवसभराच्या पानांवरचा भात कुत्री खात होती. त्यांनी आपण होऊन साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांचं सांगितलं, बुडून मेलेल्याचा गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत होतं ते सांगितलं, तिन्हीसांजेला एकट्या पोराला पाण्यावर का पाठवत नसत ते सांगितलं. आवाज न चढवता, नदीकडं बघत. अंगावर काटा आला तो तिथं. मग म्हणाले, “आता उठा बाळांनो. आज पितरांची रात हाय.” आम्ही उठलो.

जायचंच असेल तर असं जा. संध्याकाळी सहाला रंकाळा तलाव. तिथल्या नंदीची आख्यायिका कुणालाही विचारा: रोज गव्हाएवढा पुढं सरकतो, तांदळाएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी तळ्याला टेकेल त्या दिवशी प्रलय. तळ्यातला दगडी संध्यामठ पावसाळ्यात पाण्यात जातो, बघायचा असेल तर उन्हाळ्यात. तिथून चालत गंगावेश. दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, पेला फेसाळ आणि कोमट हातात येतो, तो घ्या. मग शुक्रवार पेठेतून घाट. आठच्या आत पोचा, वरच्या पायऱ्यांवरच बसा. चपला नकोत, पकड असलेले बूट आणि वेगळी बॅटरी. दारू हवी असेल तर घाट झाल्यावर, आपल्या आवडीच्या ठिकाणी.



रात्री घाटावरून रिक्षा मिळायला आम्हाला पाऊण तास लागला आणि रंकाळ्यापर्यंत १५० रुपये द्यावे लागले. जाताना ज्या रिक्षानं जाल त्याचाच नंबर घेऊन ठेवा. मेहुण्याचा गुडघा अजून सुजलेला आहे.