सुरी क्र. ७ : ठिपक्यांचं मूळ सापडलं

मी बनवलेल्या सुऱ्यांतली सात नंबर परत आली. मागच्या नोंदीत जिचं पातं पाणी दिल्यावरही (तापवून झटकन थंड करून कडक केल्यावरही) सरळ राहिलं म्हणून मी हरखलो होतो, तीच. मावशीने लोणच्यासाठी कैरीच्या फोडी केल्या, मीठ लावलं आणि सुरी रात्रभर ओट्यावर राहिली. सकाळी पात्यावर तांबूस ठिपके. "अरे, स्टेनलेस म्हणाला होतास ना?" एवढंच विचारलं तिने. पुढचे तीन आठवडे त्यातच गेले.

सुरीचं स्टेनलेस, १४सी२८एन, घरातल्या ३०४ जातीच्या स्टेनलेस डब्याइतकं टिकणार नाही, हे मान्य. डब्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. आपल्या स्टीलच्या पट्टीत क्रोमियम १४ टक्के आणि कार्बन ०.६२ टक्के, कारण कार्बनशिवाय पाणी चढत नाही. मिठातलं क्लोराइड वरचा ऑक्साइडचा थर फोडतं, तेही ठाऊक आहे. पण याच पट्टीतली पाच नंबर दीड वर्ष माझ्याकडे लिंबं चिरतेय आणि तिच्यावर एक डाग नाही!

पहिला संशय टेम्परिंगवर, म्हणजे कडक केलेलं पातं भट्टीत पुन्हा हलकं तापवण्यावर. तापमान ५०० अंशांच्या आसपास गेलं की क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकतं आणि गंज अडवायला कमी उरतं. भट्टीत दुसरा थर्मोकपल (तापमान मोजायची तार) घालून पाहिलं, तर १८० च्या जागी १८४. भट्टी निर्दोष.

मग मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. पृष्ठभागावर मोकळं लोखंड असेल तर त्यावर तांबं बसतं, म्हणून शेतीच्या दुकानातून पुडी आणली. सहा मिनिटांत पातं गुलाबी. पाच नंबरही गुलाबी! पट्टीच बनावट निघाली असं वाटून मी पट्टीवाल्याला फोनवर नको ते बोललो. दोन दिवसांनी नीट वाचलं तेव्हा कळलं, की ही चाचणी ३०४ सारख्या स्टीलसाठी आहे. क्रोमियम १६ टक्क्यांच्या खाली असलेल्या, पाणी दिलेल्या स्टीलवर ती धरायचीच नाही, तिथे तांबं एरवीही बसतं. त्याची माफी मागितली. त्याचा माल महाग आहे, पण जाडी टोकापासून टोकापर्यंत सारखी असते. मी दुसरीकडे जाणार नाही.

उत्तर शेवटी दहापट भिंगाने दिलं. ठिपके फक्त पात्याच्या वरच्या अर्ध्या भागात होते, आणि तिरक्या रेषांत. हा भाग मी पहिल्यांदाच खरकागदी पट्ट्यावर न घासता ग्राइंडरच्या वायर ब्रशने फिनिश केला होता. साध्या लोखंडी तारांचा ब्रश, त्याने आधी गाडीच्या कमानपाट्याची (लीफ स्प्रिंगची) खपली काढलेली. म्हणजे गंजलं ते पातं नव्हतं, त्यात रुतलेले लोखंडाचे कण होते.

खात्रीसाठी उरलेल्या पट्टीचे तीन तुकडे एकत्रच कडक केले. पहिला नव्या पट्ट्यावर ४०० ग्रिटपर्यंत घासलेला. दुसरा तसाच, वर वायर ब्रश. तिसऱ्यावर ब्रश, मग १० टक्के सायट्रिक ॲसिडमध्ये ६० अंशांना २० मिनिटं, खायच्या सोड्याचं पाणी, धुऊन लगेच कोरडा. तिन्ही मिठाच्या ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळले. पहिला लखलखीत. दुसरा हुबेहूब सात नंबरसारखा. तिसरा स्वच्छ, फक्त रिव्हेटच्या भोकाशी दोन ठिपके. तो पहिला तुकडा अजून टेबलावर आहे, येता-जाता हातात घेऊन बघतो.

सायट्रिक केकच्या सामानाच्या दुकानात सुटं मिळतं, त्यासाठी केमिकलवाल्याकडे जायची गरज नाही. स्टेनलेस तारांचा ब्रश घेतला, त्याला निळा टेप लावला. ग्राइंडरचे पट्टेही आता वेगळे. कमानपाट्याचा पट्टा स्टेनलेसला लागणार नाही.

आठ नंबर म्हणून कमानपाट्याची विळी करायची होती. पण हे लिहिताना ते भोकाजवळचे दोन ठिपके डोक्यातून जाईनात. भोकाच्या आत मी घासलंच नव्हतं, आणि मुठीखाली तर ओल साठते, हवा पोचत नाही, थर पुन्हा धरत नाही. सात नंबरची मूठ बसवली तेव्हा टँगवरही (पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावरही) तोच ब्रश फिरलेला होता. म्हणजे वरून पातं साफ करून भागणार नाही. पुढच्या स्टेनलेस सुरीत भोकं आधी पाडायची, मग सायट्रिक, मग इपॉक्सी, हे नक्की. विळी थांबेल.

तोवर पाच नंबर मावशीला देऊन आलो. उद्या सातचे पितळी रिव्हेट ड्रिलने काढतो. मुठीखालचे फोटो पुढच्या नोंदीत.